बल्ब काढलेली बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. खरं तर बॅटरी माझ्या पोटात असते आणि माझं नाव विजेरी. पण त्या नावाने घरात कुणी हाक मारली असती तर मलासुद्धा पत्ता लागला नसता, तेव्हा ते राहू द्या.

पत्र्याचं अंग, काचेमागे चकचकीत वाटी आणि वाटीत बल्ब, अशी मी कारखान्यातून निघाले. पुढचं आयुष्य स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्या मधल्या बोळात, एका खिळ्यावर गेलं. वीज गेली की माझ्या नावाने हाकाटी, आली की मी पुन्हा खिळ्यावर. वय झाल्यावर मी पहिल्या दाबाला पेटेनाशी झाले. मग घरातलं प्रत्येक माणूस एकच करायचं: मला तळहातावर दोनदा आपटायचं आणि पेटले का ते बघायला माझ्या तोंडात डोकवायचं. आजी तर डोळा थेट काचेला लावायची. लख्खकन उजेड पडला की डोळे चोळायची आणि कामाला लागायची. तेव्हा माझ्या पोटात फक्त बल्ब होता, म्हणून ते चालून गेलं.

आजीचे यजमान गणिताचे निवृत्त शिक्षक. शाळा सुटली तरी त्यांचं शिकवणं सुटलं नव्हतं. आजी त्यांना 'सर' म्हणायची, आणि ते आदराने नव्हे हे मला खिळ्यावरूनही कळायचं. सरांनी मोबाइलवर कुठेतरी पाहिलं, की जुन्या सीडी रायटरमधला लेसर बॅटरीत बसवला तर नुसत्या किरणाने फुगा फुटतो. माळ्यावर मुलाचा जुना संगणक होताच. झालं. सरांनी त्यातला रायटर खोलला, मोहरीएवढा एक तुकडा चिमट्याने काढला, माझी वाटी आणि बल्ब उपटून ठेवले आणि तो तुकडा माझ्या छातीत डाग देऊन बसवला. मला कुणी विचारलं नाही. आजीलाही नाही.

आजीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डाव्या डोळ्याने तिला धूसरच दिसायचं, तेव्हा जी काय भिस्त होती ती या एका डोळ्यावर. त्या दुपारी थेंब घालून, डोळे मिटून ती आत पडली होती. तिचा काळा गॉगल सरांनी सुरक्षेचा उपाय म्हणून स्वतः लावला होता. (मित्रांनो, असल्या गॉगलने लेसर अडत नाही. सरांनाही तो शोभण्यापलीकडे काही करत नव्हता.)

भिंतीला टांगलेल्या फुग्यावर सरांनी मला रोखलं. सून मोबाइलवर चित्रण करत होती. बटण दाबलं. उजेड नाही, किरण नाही, फुगा जागच्या जागी.

"बाबा, फुग्याला सांगितलंय ना फुटायचं?" सुनेने विचारलं.

तुकडाच मेलेला निघाला, असं म्हणून सरांनी विषय बंद केला. गॉगल कपाळावर सरकवला. बल्ब सावकाश बसवू, तोवर कुणाला काय कळतंय, अशा हिशेबाने बटण बंद करून त्यांनी मला खिळ्यावर अडकवलं आणि ते चहाला गेले.

तुकडा मेला नव्हता. मी पेटले होते. किरण माझ्या तोंडातून सरळ निघून भिंतीवर पडला होता, फक्त माणसाच्या डोळ्याला तो दिसण्यातला नव्हता. हे मला ठाऊक होतं आणि मला बोलता येत नव्हतं.

तेवढ्यात थेंबांची बाटली आजीच्या हातून निसटून कपाटाखाली गेली. ती चाचपडत बोळात आली आणि तिने मला खिळ्यावरून काढलं. खोलीत जाऊन वाकली, कपाटाखाली धरून बटण दाबलं. अंधार. तिने मला तळहातावर आपटलं. पुन्हा अंधार, आणि त्या अंधारात माझा किरण चालूच.

बोळापलीकडे स्वयंपाकघरात सून म्हणाली, "बाबा, हे बघा. चित्रणात फुग्याशेजारी जांभळा ठिपका दिसतोय."

सरांचा आवाज एकदम तरुण झाला. ते समजावू लागले: रिमोटच्या टोकाचा उजेड आपल्याला दिसत नाही पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसतो, तसंच हे. म्हणजे प्रयोग फसला नव्हताच. सीडीचा लेसर मुळात दिसतच नाही, हे आपण कसं विसरलो, असं ते स्वतःलाच मोठ्या कौतुकाने विचारत होते.

इकडे आजीने माझं झाकण आवळलं. पदराने काच पुसली. मला फिरवलं. आधी तिची हनुवटी माझ्यासमोर आली, मग गाल.

स्वयंपाकघरातला तास मध्येच थांबला. बहुधा सरांची नजर रिकाम्या खिळ्यावर गेली असावी.

"अगं, डोळे मीट!"

गेला आठवडाभर हे घर आजीला हेच सांगत होतं. थेंब घातले की डोळे मीट. कारण न विचारता तिने डोळे मिटले. सर धावत आले, माझ्या तोंडावर तळहात दाबला, मला तिच्या हातून काढून घेतलं आणि बटण बंद केलं. घाईघाईने झाकण फिरवलं, तसे सेल जमिनीवर घरंगळले.

"उघडू का?" आजीने विचारलं.

"उघड."

"झालं काय पण?"

सर वर्गात चूक कबूल करणाऱ्या मुलासारखे उभे राहिले. मग म्हणाले, "मी त्यातला बल्ब काढलाय. लेसर घातलाय. दिसत नाही, पण डोळा जातो."

"आणि सांगणार कधी होता?"

आजीने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "तो गॉगल द्या इकडे."

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी डोळा तपासला. पडदा शाबूत होता. रात्री सरांनी माझा बल्ब परत बसवला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखाद्या वस्तूचं पोट बदललंत, तर ती जुन्या खिळ्यावर गुपचूप टांगू नका. आणि मी पेटले की नाही हे बघायला माझ्या तोंडात डोकावू नका, भिंतीवर धरा.

आजी आता तसंच करते. खिळ्यावरून मला काढते आणि तिथूनच विचारते, "सर, पोटात काय आहे?" सर हातातलं काम टाकून सांगतात, "बल्ब." तरीही ती मला आधी भिंतीवर धरते. विश्वास सरांवर आहे, पण डोळा तिचा आहे.