मंगळवारची ओळ

बाराव्या माणसानं तरी मोबाइलला हात लावू नये, एवढंच ऋताचं मागणं होतं.

तिचं संशोधन असं, की दुसऱ्यानं लिहिलेला अनोळखी प्रोग्राम पुढ्यात आला, तर प्रोग्रामर तो समजून कसा घेतो? त्यासाठी रायपूरच्या बुढापारा भागातली भाड्याची खोली, टेपरेकॉर्डर आणि रेशनकार्डांच्या यादीचा एक जुना प्रोग्राम. वाचताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं, बस! पण छे! मंगळवारी यादी बनवायची नाही, अशी त्यात एक ओळ होती. तिथं आला की जो तो विचारी, "दीदी, ये लिखा किसने है?" वर लिहिणाऱ्या इंदूबाईचं नाव होतंच. राजधानी झाली तरी रायपूर केवढंसं? लगेच तिला फोन! ऋता चरफडत टेप बंद करायची. अकरा जणांनी असाच खेळखंडोबा केला. सोमवारी प्रबंधाची शेवटची मुदत, आणि हातात तीन वर्षांची माती.

म्हणून बाराव्या वेळी तिनं नावच पुसून टाकलं.

बारावे श्यामकांतकाका, वीस वर्षं प्रोग्राम लिहिणारे. अर्धा तास ते छान बोलत वाचत होते. ऋताच्या जिवात जीव आला. मग आली मंगळवारची ओळ.

"हे काहून?" काका थांबले. वर-खाली पाहून हसले. "दुधी, कारलं, भोपळा... आकड्यांना भाज्यांची नावं! हे तर आपल्या इंदूबाईचं काम." आणि खिशात हात.

"काका, फोन नाही! नियम आहे!" ऋता किंचाळलीच. पण पलीकडून फोन उचललाही गेला होता. तिनं संतापानं टेप बंद केली.

काकांनी विचारलं, ऐकलं, फोन ठेवला. "मंगळवारी त्यांच्या हापिसात लाइट जाय. यादी अर्धीच बने, अन् उरलेल्यांचं रेशन बंद. म्हणून मंगळवार टाळला. आता सांग पोरी, हे त्या ओळीत कुठं लिहून आहे? माणसाले विचारल्याशिवाय समजन कसं?"

ऋता पुसलेल्या नावाच्या रिकाम्या जागेकडे पाहू लागली.

"आत्ता मले प्रोग्राम समजला," काका म्हणाले, "अन् तू टेप काहून बंद केली?"

टेबलावर अकरा कॅसेटी होत्या. ऋतानं पहिली शेवटाजवळ पळवून लावली. "ये लिखा किसने है?" आणि मग तिनंच बंद केल्याचं खट्. दुसरी लावली. खट्. तिसरी लावायचा तिला धीर झाला नाही.