दाराचा जोर

दाराच्या खालच्या कडेच्या रबराच्या पट्टीत एक पांढरा केस अडकलेला होता. वीतभर लांब, टोकाशी किंचित वळलेला... तिच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. चिमटीत धरून तिने तो हलकेच ओढला. सहज सुटून आला, आणि मग त्याचं करायचं काय हे तिला कळेना. आईचाच. घरात दोघीच तर आहोत — आणि मागच्या मंगळवारी गॅरेजचं हेच दार वरून खाली येताना आईच्या खांद्यावर टेकलं होतं, टेकून थांबलं नव्हतं, दाबत राहिलं होतं, आणि रिमोटचं बटण माझ्या हातात होतं.

तिने केस खिशात टाकला आणि दाराबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेचं पुढचं पान उलटलं. रूळ कोरड्या फडक्याने पुसा. चाकांना आणि बिजागऱ्यांना तेल द्या. स्प्रिंगला हात लावू नका — हे दोनदा, ठळक अक्षरांत. सुट्टीची सकाळ होती, गाडी बाहेर उभी होती, आणि दुरुस्तीवाल्याला बोलवायचं सोडून ती स्वतः स्टुलावर चढली होती. गेल्या वर्षी दार मध्येच अडायला लागलं तेव्हा तो येऊन मोटरवरचा एक स्क्रू पिळून गेला होता, पाच मिनिटांत. दार धडाक्यात चालायला लागलं. त्याने फक्त दाराचा जोर वाढवला होता हे तिला आज, पुस्तिका वाचताना कळत होतं. चाकं तशीच कोरडी होती.

पण स्क्रू एक वेळ ठीक. स्क्रूचं काय, तो कुणीही पिळतो... मला दिसलं होतं का, एवढंच मला कळायला हवं.

त्या सकाळी भांडण झालं होतं. कारण काय, तर तिने धुऊन ठेवलेले कप आईने पुन्हा विसळायला घेतले. दोन वर्षं रोज विसळते, त्या दिवशीच तिच्या तोंडून निघून गेलं — "थोडे दिवस दादाकडे जाऊन राहा ना. मलाही जरा मोकळं होऊ दे." आईने नळ बंद केला फक्त. मग कामावर जायला ती पर्स उचलून गाडीत बसली, गाडी बाहेर काढली, न वळताच बटण दाबलं, आणि आरशात काहीतरी निळं होतं... आईची शाल निळी आहे. निळं आधी दिसलं की बटण आधी दाबलं? आठ दिवस हेच. ती नोकरी करते त्या दवाखान्यात एक्स-रे तीच काढते, म्हणून आईचा खांदाही तिनेच यंत्रासमोर धरला, "श्वास रोख," म्हणाली, आणि पडद्यावर हाड स्वच्छ, अखंड उमटलं तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तिला तो सोडताच आला नव्हता.

"चहा ठेवू का इथं?" आतल्या दारातून आई आली. डाव्या हातात कप. उजवा अजून जपूनच. "पडशील बाई त्या स्टुलावरून."

"नाही पडत." ती खाली उतरली. तेलकट हात पुसत राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ. "आई, त्या दिवशी तू इथं आलीस कशाला?"

आईने कप खोक्यावर ठेवला. "जाऊ दे ना आता."

"सांग तरी."

"तुझं ते गळ्यातलं ओळखपत्र. दाराशी पडलेलं दिसलं. म्हटलं, त्याच्याशिवाय हिला आत सोडणार नाहीत. दार तर निम्मं खाली आलेलं होतं, पण वाटलं, पटकन वाकून उचलते..."

"निम्मं खाली आलेलं होतं? तू आलीस तेव्हा?"

"हो ना. म्हणून तर धावले. या वयात धावायचं काय नडलं होतं मला! तू म्हणशील, आई धांदरट झाली, हिला एकटीला घरात ठेवणं बरं नाही. दादाकडे पाठवायला निमित्तच मिळालं असतं. म्हणून नाही बोलले."

ती खोक्यावर बसली. कप हलला, चहा थोडा सांडला. दार निम्मं खाली होतं. म्हणजे बटण आधी. म्हणजे ते निळं — ते काहीही असेल, कोपऱ्यातलं पिंप असेल, शाल असेल, पण बटणानंतरचं... आणि ही बाई आठ दिवस मला भीत होती! एका घरात, एका टेबलावर जेवताना दोघी आपापलं पाप लपवून बसलो होतो. तिला हसू आलं.

"मला वाटत होतं, मी तुला बघून बटण दाबलं."

आई तिच्याकडे बघत राहिली. "वेडी आहेस का?" म्हणाली, आणि मग, जरा थांबून, "रागात होतीस मात्र."

"होते."

 मग ती उठली. दाराखाली लाकडी फळी आडवी ठेवली, आईला मागे उभं केलं आणि बटण दाबलं. दार आलं, फळीला टेकलं आणि दाबत राहिलं, फळी करकरली. आईचा हात आपोआप खांद्याकडे गेला. तिने दार वर घेतलं, स्टुलावर चढून स्क्रू थोडा सैल केला. पुन्हा. अजून थोडा. चौथ्या वेळी दार नुसतं टेकलं, क्षणभर थबकलं आणि जिथून आलं तिथं मुकाट परत गेलं. चाकांचा आवाजसुद्धा नाही.

"परत कर," आई म्हणाली. तिने परत केलं. मग आणखी एकदा, कारण नसताना.

"तेल फार ओतलंस पण," आई वर बघत म्हणाली. "ठिबकतंय बघ. गाडीवर डाग पडतील. आणि ते फडकं कुठलं घेतलंस? चांगलं होतं ते."

आणि तिला राग आला. तोच, ओळखीचा, कपाळाच्या मध्यावर येणारा... तिने त्याला येऊ दिलं, नीट पाहून घेतलं. किती लहान होता तो! फडक्याएवढा. त्याच्या मागे काहीच उभं नव्हतं. दादाकडे आई जाईल की नाही, कधी जाईल, ते आज बोलणं झालंच नाही, आणि उद्या कपांवरून पुन्हा वाजेल हेही तिला दिसत होतं. वाजू दे. राग म्हणजे राग, एवढंच. तिने श्वास घेतला, आणि तो आपणहून, कुणी न सांगता, बाहेर पडला.