टेबलाखालची बॅटरी

पडलेला स्क्रू शोधायला धाकटी टेबलाखाली वाकली आणि तिला ती बॅटरी दिसली. वरचा दिवा चिखलाच्या बरणीतल्या जंतूंच्या विजेवर जळतच नव्हता. तो या बॅटरीवर जळत होता. प्रयोगशाळा ताईची, तिच्या थोरल्या बहिणीची. या कामाला पैसे देऊ शकणारे पाहुणे दाराशी येऊन ठेपले होते.

"ताई, हे काय?"

"हळू बोल. तुझ्या जंतूंवर दिवा मिणमिणतसुद्धा नाही. पाहुण्यांना काय अंधार दाखवू?"

"जे आहे ते दाखव."

"ते कुणाच्या डोळ्यांत भरतं? गप्प उभी राहा."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं त्या जंतूंची उस्तवार तिने केली. तळ्यातल्या गाळाचा वास तिच्या अंगात असा मुरला होता, की नवरा लांब सरकून जेवायला बसे. आणि आता त्यांच्या नावावर दुकानातली बॅटरी खपवायची?

पाहुणे आत आले. ताईने हसून दिव्याकडे हात केला, तोच धाकटीने तार उपटली. दिवा विझला.

"तो खोटा होता. खरं या मीटरवर आहे," ती म्हणाली. तिने मीटर पुढे सरकवला. "आपण अन्नातले इलेक्ट्रॉन शेवटी श्वासातल्या ऑक्सिजनला देतो. गाळात ऑक्सिजन नाही. म्हणून हे जंतू अंगाबाहेर प्रथिनांच्या तारा काढतात, केसाहून कितीतरी बारीक, आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या गंजाला नेऊन देतात. आम्ही गंजाच्या जागी ग्राफाइटची कांडी ठेवलीय. तिच्यातून येणारी वीज या मीटरवर दिसते."

"म्हणजे दिवा लागणार नाही?" एका पाहुण्याने विचारलं.

"एवढ्याशा बरणीवर नाही."

पाहुणे निघून गेले.

"सगळं मुसळ केरात घातलंस," म्हणत ताईने बरणी मोरीत ओतायला उचलली. धाकटीने तिचं मनगट घट्ट धरलं, बरणी हिसकावली आणि तडक घरी नेली.

काही दिवसांनी ताईचा फोन आला.

"बरणी घेऊन ये."

"आधी पाहुण्यांना सांग, की दिव्याची लबाडी तुझी होती."

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"पुन्हा तोंड दाखवू नका म्हणाले."

धाकटीचा राग तसूभरही उतरला नव्हता.

"येते. पण तुझ्याशी बोलणार नाही."

"नको बोलूस," ताई म्हणाली. "काम कर."