पांढऱ्या सदऱ्यातला दत्ता

गाळपाचा हंगाम सुरू झाला की पाटसच्या रस्त्यावर संध्याकाळी एक गोडसर, करपट वास येऊन थांबतो. मळीचा, तोडलेल्या उसाचा, तापलेल्या डिझेलचा. कारखान्याकडे तोंड करून उसाच्या गाड्या रांगेत उभ्या असतात, उन्हं उतरत असतात, आणि मोळ्यांच्या टोकांवर शेवटचा पिवळा उजेड अडकून राहतो. प्रत्येक ट्रॅक्टरवर आपापलं गाणं चालू असतं. एकावर देवीचं, एकावर हळदीचं, एकावर कुठल्याशा हिंदी पिक्चरमधलं रडकं. त्या सगळ्यांच्या मधून, पत्र्यावर कुणी ओंजळभर खडी फेकावी तसा, एक इंग्रजी आरडाओरडा यायचा. दोन मिनिटांत संपायचा आणि श्वास न घेता दुसरा सुरू व्हायचा. रांगेतले लोक मान न वळवता म्हणायचे, "आला दत्ता."

दत्ता माझा कॉलेजपासूनचा मित्र. मी शिरूर तालुक्यातला, तो दौंडजवळच्या भीमाकाठच्या गावातला. शिरूरला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहिलो. खोलीच्या माझ्या बाजूला वेळापत्रक असायचं आणि त्याच्या बाजूला भिंतभर पिक्चरमधले राक्षस. पुढे मी गावच्या सोसायटीत सचिव झालो आणि तो ट्रॅक्टर घेऊन उसाच्या वाहतुकीत पडला. गेल्या गाळपात त्याच रांगेत, स्टिअरिंगवर डोकं टेकवून, तो गेला. गाणं चालूच होतं, म्हणून बराच वेळ कुणाला काही कळलं नाही.

राक्षसांचं वेड त्याला जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत लागलं. तंबूतल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसायची, आणि लहानपणी त्याच्या वाट्याला कायम पाठीमागची बाजू यायची. समुद्रातून वर आलेला, इमारती तुडवत चाललेला तो महाकाय प्राणी त्यानं प्रथम उलट्या बाजूनं पाहिला. "आपल्याकडनं बघितलं की त्यो डावरा दिसायचा," तो सांगायचा, "आन् डावऱ्याला कोन माया लावतंय?" पडद्यावर शहर किंचाळत असायचं, तोफा डागल्या जायच्या, आणि तंबूभर लोक टाळ्या पिटत असताना या मुलाच्या गालावरून पाणी ओघळत असायचं. मोठा झाला तरी त्यात फरक पडला नाही. व्हिडिओच्या काळात, सीडीच्या काळात, आणि अलीकडे तळहातावरच्या मोबाईलवरसुद्धा, राक्षस कोसळायच्या वेळी त्या निळ्या उजेडात त्याचा चेहरा मी चोरून पाहत असे. नदीचं पाणी आटल्यावर तळातले दगड उघडे पडावेत, तशी त्याच्या चेहऱ्यावरची सगळी थट्टा ओसरून जायची. "एकानं तरी त्याला इचारावं का न्हाई," तो पुटपुटायचा, "बाबा, तुझं म्हननं काय हाय म्हनून?"

रांगेत ऐकू यायचा तो इंग्रजी आरडाओरडा, म्हणजे पंक रॉक, त्याच्याकडे आला तो दौंडच्या रेल्वे वसाहतीतून. एक कुटुंब परदेशी निघालं होतं आणि घरातलं सामान दारात मांडून विकत होतं. त्यातली कॅसेटची पेटी दत्तानं उचलली ती वरून पिक्चरमधल्या डरकाळ्या टेप करायच्या म्हणून. पुसायच्या आधी एकदा ऐकून घेऊ, असं त्याला वाटलं, आणि त्या कॅसेट पुसायच्या राहिल्या त्या राहिल्याच. इंग्रजी त्याला जेमतेम यायचं. गाण्यातले शब्द त्याला कळत नव्हते, राग तेवढा कळत होता. कुणीही, कसलाही गळा असलेल्या माणसानं, वाजवता येत नसतानाही वाजवायचं आणि ओरडायचं, ही कल्पनाच त्याला माहेरच्या ओट्यासारखी वाटली असावी. त्यानं एक गिटार मिळवली. ती कधीच सुरात लागली नाही. सुरात लावू या म्हटलं की तो म्हणायचा, "ऱ्हाऊ दे की सेक्रेटरी, तुला समदं सरळच लागतंय."

पावसाळ्यात ट्रॅक्टर शेडमध्ये गेला की तो अंक काढायचा. हाताने लिहिलेला, स्केचपेननं रंगवलेला, दौंडला झेरॉक्स केलेला, आणि मध्यभागी वाकड्या पिना मारलेला. नाव 'अक्राळविक्राळ'. त्यात राक्षसांची चित्रं असायची, पाहिलेल्या पिक्चरांवर मतं असायची, न कळलेल्या गाण्यांचे त्यानं स्वतः रचलेले मराठी अर्थ असायचे, आणि वाचकांचा पत्रव्यवहार असायचा. पत्रं सगळी तोच लिहायचा आणि त्यातून स्वतःलाच शिव्या घालायचा. केशकर्तनालयात, एसटीच्या बाकावर, दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या काचेला खोचून, तो ते अंक सोडून द्यायचा. पेरणारा माणूस मागे वळून पाहत नाही, तसा पाहायचा नाही. माझ्याकडे दर वर्षी एक पान मागायचा. दर वर्षी ते काम माझ्या कामांच्या यादीत शेवटी असायचं, आणि यादीचा शेवट कधी येतच नसे.

आणि त्याचं तोंड. तेच आता सांगायला हवं, कारण तेच माझ्याकडून गेलं. दत्ताचं तोंड मिटलेलं असं कुणी पाहिलंच नव्हतं. हसायचा तेव्हा ते उघडं, ऐकायचा तेव्हा उघडं, आणि कुणी फोटो काढतंय म्हटलं की दोन्ही हातांचे पंजे कानांपाशी नेऊन, डोळे वटारून, पडजीभ दिसेपर्यंत उघडं. लग्नातही त्यानं तेच केलं. मुंडावळ्या, अक्षता, शेजारी लाजून चूर झालेली नवरी, आणि बोहल्यावर एक राक्षस.

आमच्या भागात दहावं कसं करतात ते वेगळं सांगायला नको. नदीकाठी मांडव, खुर्च्या, स्पीकर, महाराजांचं प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं, आणि मागे भलामोठा फ्लेक्स. पंचक्रोशीत कुणाचंही दहावं असलं की व्यवस्थेला मला बोलावतात. मला ते जमतं. रडण्यात गुंतलेल्या घराला कुणीतरी न रडणारा माणूस लागतो, आणि तो होण्यात मला एक समाधानही वाटत आलंय. दत्ता गेला तेव्हाही मी रडलो नाही, यादी केली.

फ्लेक्सला फोटो हवा होता. त्याच्या घरातले सगळे फोटो मी पाहिले. एकातही तोंड मिटलेलं नव्हतं. फ्लेक्सचा दुकानदार मला म्हणाला, "काळजी करू नका साहेब, करून देतो." त्यानं संगणकावर दत्ताचे पंजे खोडले. अंगातला काळा, चित्रवाला टी-शर्ट काढून पांढरा सदरा चढवला. कपाळावर गंध लावलं. शेवटी कुठल्याशा दुसऱ्या माणसाचे मिटलेले, सौम्य ओठ आणून त्याच्या तोंडावर बसवले, आणि खुर्ची माझ्याकडे वळवून विचारलं, "आता कसं वाटतंय?"

मी म्हणालो, "छान. साजेसं वाटतंय."

भाषणं करणाऱ्यांपैकी त्याला ओळखणारं कुणीच नव्हतं. त्यांना चार वाक्यं लागतात. ती माझ्याकडे तयार असतात, नाव तेवढं बदलायचं. एकामागून एक माणसं उठली आणि दत्तात्रय हे धार्मिक, मितभाषी व मनमिळाऊ होते, असं नदीला ऐकवून बसली. पलीकडच्या काठावर बगळे उभे होते. वारा फ्लेक्सला फुगवत होता, आणि तो पांढरा सदरा छाती भरून आल्यासारखा हलत होता.

पंगती उठल्या. मी खुर्च्या टेम्पोत चढवून घेत होतो तेव्हा दत्ताची बायको शैला माझ्यापाशी आली.

"भाऊजी, समदं येवस्थित झालं. कुनाला नाव ठिवायला जागा न्हाई." मग तिनं फ्लेक्सकडे मान केली. "फकस्त एक सांगा. ह्यो कोन?"

दुःखानं माणूस बोलतो तसं ती बोलतेय, असं मला वाटलं. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही जरा पडा आता."

दुकानदारानं त्याच फोटोची एक तसबीर सोबत दिली होती. ती तिच्या घरात भिंतीवर लागली, हार चढला. मी जायचो-यायचो तेव्हा त्या तसबिरीला नमस्कार करायचो. आणि उन्हाळ्यात कधीतरी, सोसायटीच्या कचेरीत दुपारी नुसता बसलो असताना, मला दत्ताची आठवण आली. म्हणजे आठवण काढायला मी डोळे मिटले, आणि समोर पांढरा सदरा आला. मिटलेले ओठ आले. त्यांच्या मागे मी पुष्कळ चाचपडलो. तंबूतला दत्ता सांगता येत होता, रेल्वे वसाहतीतला सांगता येत होता, पण दिसत नव्हता. घराला नवा रंग दिल्यावर जुना कोणता होता ते आठवू नये, तसं झालं होतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मी ठरवाठरवीसाठी त्याच्या घरी गेलो. दत्ताचे थोरले भाऊ आप्पा ओट्यावर बसले होते. शैलानं चहा आणून ठेवला आणि उभ्यानंच बोलली.

"भाऊजी, ह्या बारीला प्रवचन नको. अंगनात पडदा लावा आन् त्यांचा एखादा पिच्चर दावा. मोठ्ठा. समद्या गावाला."

"वर्षसराधाला राक्षेस?" आप्पांनी कप खाली ठेवला. "सोयरे यायचेत, शैला. लोकं काय म्हनत्याल?"

"म्हनू द्या की. ते जिते व्हते तवाबी म्हनतच व्हते." मग तिचा आवाज खाली आला. "मला त्यांचं तोंड आठवंना झालंय वो. डोळं मिटलं की त्यो भिंतीवरलाच येऊन उभा ऱ्हातोय. समद्यांनी मिळून त्यांच्यावानी कायतरी केलं, तर येतील वाटतंय."

आप्पा माझ्याकडे वळले. "सेक्रेटरी, तुमीच सांगा हिला."

माझंही तसंच झालंय, हे सांगायची ती वेळ होती. पण महाराजांना मी महिन्याआधीच शब्द दिलेला होता, मांडव ठरला होता, आचारी ठरला होता. मी म्हणालो, "वहिनी, सगळं ठरलंय. पिक्चरचं पुढच्या वर्षी बघू."

वर्षश्राद्ध झालं की पुढच्या वर्षी कुणाचाच मांडव पडत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं रिकामे कप उचलले. "बरं. तुमच्या सोयीनं," म्हणाली.

तर वर्षश्राद्ध माझ्या सोयीनं झालं. प्रवचन झालं. एक पुढारी उठले आणि माझीच चार वाक्यं मलाच ऐकवून बसले. आभार मानायला नेहमीप्रमाणे मी उभा राहिलो. आधी मंडपवाल्यांचे, मग आचाऱ्यांचे, असा माझा क्रम असतो. समोर बायकांच्या बाजूला शैला बसली होती, पदर घट्ट, नजर जमिनीवर, परक्या माणसाच्या कार्यक्रमाला भीडेखातर आल्यासारखी. माझ्या तोंडात मंडपवाल्याचं नाव आलं आणि तिथंच थांबलं.

"दत्ता मितभाषी नव्हता," मी म्हणालो. स्पीकरमधून माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "धार्मिकही नव्हता. आणि हा सदरा त्याचा नाही. हे तोंडही त्याचं नाही. ते मी लावून घेतलंय."

महाराजांनी उपरणं सारखं केलं. आता काय करावं, ते माझ्याकडे लिहिलेलं नव्हतं. मग मागच्या रांगेतून, उसाच्या गाडीवरच्या एका ड्रायव्हरनं बसूनच आवाज दिला.

"मनमिळाऊ तर अजाबात नव्हता! राक्षेस खरा का खोटा म्हनून माझ्याशी भांडला. आख्खा हंगाम बोलला न्हाई!"

"बरं झालं, तुझ्याशी बोलन्यापरीस त्यो राक्षेस बरा," दुसरा म्हणाला, आणि हसू फुटलं. आधी मागे, मग मध्ये. कुणी त्याच्या गिटारीनं म्हैस कशी उधळली ते सांगितलं. आप्पा खाली मान घालून बसले होते. ते मधेच म्हणाले, "तंबूत ल्हान असताना मीच त्याला मागच्या अंगाला बसवायचो. म्होरली जागा मला पायजे असायची." एवढंच म्हणून त्यांनी टोपीनं डोळे पुसले.

शैला पदराआड हसत होती की रडत होती, ते मला उभ्या जागेवरून कळलं नाही. माणसं पांगल्यावर मी तिच्यापाशी गेलो. तिनं डोळे मिटलेले होते. मी विचारलं, "आले का?"

"कपाळ आलं," ती म्हणाली. "डोळंबी आलं. तोंड अजून न्हाई." आणि डोळे न उघडता तिनं विचारलं, "तुमच्याकडं?"

माझ्याकडे काहीच आलेलं नव्हतं. इतरांनी आपापला दत्ता कुठंतरी अस्ताव्यस्त टाकून ठेवला होता, म्हणून मागितल्याबरोबर त्यांना तो सापडला. मी मात्र त्याला नीट आवरून ठेवला होता.

माणूस जातो तेव्हा मागे त्याच्या आकाराची एक पोकळी राहते, वेडीवाकडी, कडा खरखरीत असलेली. काळ तिला घाई करत नाही. हळूहळू, आठवणींच्या मापानं, तो ती भरत राहतो. घाई आमच्यासारख्यांना असते. आम्ही ती पहिल्याच दिवशी सारवून गुळगुळीत करतो, आणि मग उरलेलं आयुष्य त्या गुळगुळीत जागेवरून हात फिरवत, तिथं नक्की कोण होतं, ते बोटांनी शोधत राहतो.