तिजोरीतला कारकून

हे लिहिणारच नव्हतो मी. मास्तर म्हणाला, "नको लिहू, लोक दात काढतील." ऐसपैस म्हणाला, "लिही, पण मी रडलो नव्हतो हे आधी लिही." तर आधी तेच. तो रडला नव्हता.

मास्तर म्हणजे आमचा वायरमन. हॉलिवूडचे जुने काळेपांढरे पिक्चर बघून बघून इंग्रजी शिकला, आणि आता दिसेल त्याला पिक्चर शिकवत सुटतो. ऐसपैस म्हणजे त्याचा दोस्त, रंगारी. बसला की तिघांची जागा खातो. बंद जागेचा असा धसका की घरी बाथरूमची कडीसुद्धा लावत नाही. आत असला की मोठ्याने गाणं म्हणतो. एक पिक्चर तू बघच म्हणून मास्तर कधीपासून त्याच्या मागे लागला होता. हा हो-हो करायचा आणि कानाआड टाकायचा.

त्या दुपारी दोघं एका ऑफिसच्या इमारतीत कामाला होते. रंगाचे डबे चौथ्या मजल्यावर न्यायचे होते. "कंबर मोडून घेऊ नको, लिफ्टने जा," असं मास्तरच म्हणाला. जुनी लिफ्ट, जाळीच्या सरकत्या दारांची. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये कचकन थांबली.

मास्तर दुसऱ्या मजल्यावर जाळीला चिकटून उभा राहिला. लिफ्टची फरशी त्याच्या छातीपाशी, तिच्यावर ऐसपैसच्या रंग उडालेल्या चपला. फरशीखाली थेट तळापर्यंत काळाकुट्ट खड्डा. लिफ्टवाले काका गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले होते. जाताना बजावून गेले, "वरून हाताने चाक फिरवून खाली आणतो. तोवर त्याला आत बसवून ठेव. उडी मारायला गेला तर खड्ड्यात जाईल. आणि अर्धा बाहेर असताना लिफ्ट हलली, तर..." 

"मास्तर, मी उतरतो. आतलं दार सरकतंय. तुझ्याकडच्या दाराची कडीपण हाताला लागतेय."

"बस खाली, शहाण्या."

"हवा कमी झालीये."

"जाळीचं दार आहे. हवा कशी कमी होईल?"

"बाहेर उभं राहून तुला काय कळतंय?" त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता. "बोल काहीतरी. तुझा तो पिक्चर सांग. एरवी डोकं खातोस, आज खा."

मास्तरला हायसं वाटलं. "ऐक. बँकेत एक कारकून असतो. साधा, पापभीरू. शनिवारी सगळे घरी जातात, आणि हा तिजोरीच्या खोलीत..."

आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली. पुढे त्या खोलीचं पोलादी दार लागतं, आणि अख्खा पिक्चर तो माणूस आत. जगात एवढे पिक्चर पडले होते, आणि सुचवला तो नेमका हा.

"खोलीत काय?"

"डोकावतो. आणि जातो घरी."

"मग?"

"मग बायकोला घेऊन समुद्रावर जातो. हे मोठं आभाळ. वारा असा की टोपी उडते. हा टोपीमागे धावतो."

"बरं."

श्वास जरा खाली आला. मास्तर टोपी उडवत राहिला. टोपी वाळूवर, टोपी होडीत, टोपी कुणाच्या तरी कुत्र्याच्या तोंडात. कपाळावरून घाम निथळत होता. असला पिक्चर कुणी खरंच काढला असता तर त्याचं दिवाळं वाजलं असतं.

"मास्तर." ऐसपैसचा आवाज बदलला. "तू तर म्हणायचास, अख्खा पिक्चर एकाच खोलीत घडतो, तीच तर गंमत."

मास्तरने घाईघाईने टोपी पुन्हा उडवायला घेतली.

"अडकतो ना तो? म्हणजे तू खोटं बोलतोयस. म्हणजे माझंपण काहीतरी लपवतोयस."

कडी खाडकन वाजली. बाहेरची जाळी वीतभर सरकली आणि फटीतून एक पाय बाहेर आला, फरशीखाली लोंबकळत. पाय धरावा तर हा हिसका देणार, आणि तोल गेला की संपलं.

वरून काकांची हाक आली, "ब्रेक सोडतो रे. आत आहे ना सगळा?"

"थांबा!" मास्तरचा आवाज फाटला. मग तो हळू म्हणाला, "हो. अडकतो. खोटं बोललो मी."

"सुटतो का? शेवट सांग, नाहीतर उतरलोच."

मास्तरने आजवर कुणालाही शेवट सांगितला नव्हता. सख्खी बहीण तापाने फणफणली होती, तिलासुद्धा नाही.

"दार उघडतं. दारात बायको उभी. तिचा चेहरा दिसतो आणि पिक्चर संपतो. तो दिसतच नाही."

"म्हणजे मेला."

"मेला असता तर ती हसली असती का?"

"हसते?"

"बारीक हसते."

"बारीक हसणं म्हणजे हसणं नव्हे. उशीर झाला की माझी बायकोपण बारीक हसते. डोळ्यांत पाणी असतं तिच्या?"

"असतं. पण ते आनंदाचं."

"घंटा आनंदाचं. मेलाच तो."

"तुला पिक्चरमधली अक्कल नाही."

"मला अक्कल नाही? मला?" आणि भांडायचं तर नीट बसून भांडावं म्हणून ऐसपैसने मांडी ठोकली. दोन्ही पाय आत. मास्तरने जाळी ओढली, कडी लावली आणि तिच्यावर दोन्ही तळवे दाबून धरले.

"सोडा, काका."

लिफ्ट बोटाबोटाने खाली आली. ऐसपैस डोळे मिटून "मेलाच, मेलाच" असा जप करत होता. फरशीला फरशी लागली, मास्तरने दार सरकवलं. ऐसपैस बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसला. 

"मला बघायचाय तो," तो म्हणाला. "ती हसते की नाही, ते माझ्या डोळ्यांनी."

"बंद खोली आहे. शेवटपर्यंत."

"माहितीये. तू बसशील ना शेजारी?"

"बसतो. दार सताड उघडं ठेवू."

"आणि मध्ये तुझं व्याख्यान नको."

मास्तरला लिफ्टपेक्षा हे अवघड होतं.

"नाही देणार," तो म्हणाला. "ती दारात येईल तेव्हासुद्धा एक शब्द बोलणार नाही. वचन."