कुऱ्हाड खाली येईपर्यंत

ऑफिसात तिला सगळे पैलवान म्हणत. वजन पंचेचाळीस किलो, चष्मा जाडजूड, आणि जन्मात कोणाच्या थोबाडीत मारल्याची नोंद नाही. पण व्हिडिओ गेममधली मारामारी रचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता तोच हात दगा देऊ लागला होता, आणि हे तिच्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं.

उजवा अंगठा. बटण दाबायचं म्हटलं की आधी थरथरायचा, मग सावकाश दाबायचा, जणू उपकारच करतोय. तिने आधी थंडीवर ढकललं, मग वयावर. डॉक्टरकडे काही ती गेली नाही. डॉक्टर त्याला एखादं नाव देईल आणि मग ते खरं होऊन बसेल, ही तिची धास्ती.

गेममध्ये एक बाई हरवलेल्या बहिणीला शोधत डोंगर चढते आणि शेवटी खिंडीत कुऱ्हाडवाला आडवा येतो. अख्ख्या गेममध्ये कोणी चकार शब्द बोलत नाही. जे सांगायचं ते मारामारीतून. "मारामारी म्हणजे गप्पाच," ती ऑफिसात नव्याने आलेल्यांना सांगायची. "तो कुऱ्हाड उचलतो, म्हणजे प्रश्न विचारतो. तुम्ही बाजूला होता, ते उत्तर. उत्तर देताना घाम फुटला नाही, तर प्रश्नच फुसका होता." एका सेकंदात पडद्यावर साठ चित्रं सरकतात. कुऱ्हाड वर गेल्यापासून खाली येईपर्यंत त्यातली वीस सरकावीत, असं तिने दोन वर्षांपूर्वी ठरवलं होतं. तेवढ्यात जो बाजूला झाला तो वाचला.

त्या सकाळी बाहेरून पाच जण गेम खेळून बघायला आले. पाचही जणांनी कुऱ्हाडवाल्याला पहिल्याच खेपेला लोळवलं. एकीने तर लढता लढता जांभई दिली. अभिप्रायाच्या कागदावर कोणीतरी लिहिलं, 'शेवटचा गडी झोपेतून उठून आला होता का?'

साहेबांनी कागद वाचले आणि तिच्या टेबलावर ठेवले. "संध्याकाळी सहाला गेम विक्रीला जातोय. त्यानंतर काही बदलता येणार नाही. कुऱ्हाडवाला जमत नसेल तर त्याची लढाई काढून टाकू. नुसता प्रसंग दाखवू, लोक बघतील."

लढाई काढली की बाई खिंड फुकटात ओलांडणार, आणि दोन वर्षांच्या कामाचा होणार निव्वळ चालण्याचा व्यायाम.

"सहापर्यंत द्या मला," ती म्हणाली. "करते नीट."

तिचा धाकटा भाऊ त्याच ऑफिसात प्रोग्रामर होता. तिनेच त्याला तिथे चिकटवलं होतं. मदतीला म्हणून तो खुर्ची ओढून शेजारी बसला आणि तिने काही म्हणायच्या आत त्याने बदलांची यादी उघडली. कोणी, कधी, काय बदललं, सगळं तिथे राहतं. कुऱ्हाड खाली येईपर्यंतच्या चित्रांचा आकडा वर्षभर चढत गेला होता. वीस. चोवीस. एकोणतीस. पस्तीस. चव्वेचाळीस. प्रत्येक आकड्यापुढे तिचं नाव.

"ताई, हे काय आहे?"

"लोकांना जमत नव्हतं."

"कोणत्या लोकांना? आजच्या आधी वर्षभरात बाहेरचं कोणी खेळलेलंच नाही."

तिने हात टेबलाखाली घेतला. थाप मारायला ती काही कच्ची नव्हती, पण या पोराला लहानपणापासून तिच्या सगळ्या थापा पाठ होत्या.

"मला जमत नव्हतं," ती म्हणाली.

त्याने वाकून तिचा हात वर काढला. अंगठ्याची थरथर आपली चालूच होती.

"आणि मला बोलली नाहीस."

"तू आईला सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं. चल, ऊठ. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे."

"सहानंतर."

"मग वीस कर आणि मोकळी हो."

"वीस केलं तर ते बरोबर आहे की नाही, हे मला कळणार कसं?" ती म्हणाली. "ते डोळ्यांना नाही रे कळत. हाताला कळतं. वर्षभर मी खेळणाऱ्यांसाठी काही केलंच नाही. त्या मेल्या कुऱ्हाडवाल्याला माझ्यासाठी थांबायला लावत होते." आपलीच लढाई न खेळता येणारा पैलवान कोण ठेवून घेईल? तिने स्वतःनेच ठेवला नसता.

तरी तिने डाव्या हाताने वीस लिहिलं. मग कंट्रोलर घेतला आणि सहा वेळा मेली. सहाव्या वेळी तर कुऱ्हाड खाली आल्यावर अंगठा हलला. तिने कंट्रोलर भावाच्या मांडीवर ठेवला.

"तू खेळ."

तो आठ वेळा मेला. प्रत्येक वेळी कुऱ्हाडवाल्याच्या खानदानाचा उद्धार केला. नवव्या वेळी गप्प झाला. खांदे वर चढले, श्वास अडकला, तो खुर्चीतून अर्धा उठला. शेवटी कुऱ्हाड बर्फात पडली, तेव्हा तो इतक्या जोरात ओरडला, की साहेब दारात आले. त्यांनी त्याचा लालबुंद चेहरा पाहिला.

"राहू दे लढाई," ते म्हणाले आणि परत गेले.

पावणेसहा वाजले होते. लढाई वाचली होती. ती भावाकडे वळली.

"सांग, कसं वाटलं?"

"भारी."

"भारी म्हणजे? शेवटचा घाव चुकवलास तेव्हा हाताला काय कळलं? बटण दाबलं आणि गेममधली बाई बाजूला झाली, यात मध्ये काही अंतर जाणवलं? की तूच सरकलास असं वाटलं?"

त्याने डोळे मिटून प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. पोरगा खोटं बोलणारा नव्हता.

"नाही सांगता येत गं, ताई. भारी वाटलं, एवढंच."

तिने लढाई पुन्हा सुरुवातीला नेली. कुऱ्हाडवाला खिंडीत उभा राहिला. मग तिने भावाचा उजवा अंगठा दोन्ही हातांत घट्ट धरला आणि तो नेऊन बटणावर ठेवला.

"परत खेळ," ती म्हणाली. "आणि मला सांग. काहीही सांग, पण सांग."