एडविनची गवतगाडी

"डावीकडे फिरव गं! आवळतेयस तू, सोडवत नाहीयेस."

"मग ये की तूच खाली!" गाडीखाली आडवी पडलेली म्यूरियल ओरडली आणि लगेच तिने जीभ चावली. एडविनला खाली येता आलं असतं, तर ती कशाला अशी तेलात माखली असती?

अठ्ठावीस वर्षं एडविन बॉटिंगने ससेक्समधल्या आपल्या गावच्या चर्चभोवतीचं गवत याच गाडीवर बसून कापलं होतं. हिवाळ्यात पक्षाघाताचा झटका आला, डाव्या हातातली ताकद गेली, पाठोपाठ कामही गेलं. तीन महिने तो खिडकीशी बसून होता. मग गाडी भंगारात निघाल्याचं कानावर आलं आणि ती घरी आणायला त्याने बायकोकडे, म्यूरियलकडे, बूट मागितले.

"ऑगस्टच्या गवतगाड्यांच्या शर्यतीत हिच्यावर मी बसणार," तो म्हणाला.

शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढलेल्या म्यूरियलने पाना हातात घेतला, तो त्याने तीन महिन्यांनी मागितलेल्या त्या बुटांसाठी.

तो खुर्चीवरून सांगायचा, ती करायची. शर्यतीत पाती चालत नाहीत, म्हणून आधी ती काढली. वेग वाढावा म्हणून इंजिनाची पुली मोठी बसवली, आसन खाली घेतलं. शेवटी मनगटाला बांधायची दोरी लावली. चालक पडला, की दोरी सुटून इंजिन बंद.

शर्यतीच्या दिवशी कापणी झालेल्या शेतात रोवेना नावाच्या पंचबाईंनी प्रत्येकाला चाचणीची एकेक फेरी मारायला लावली. वळणावर एडविनचा डावा हात स्टिअरिंगवरून निसटला. पुढच्या वळणावर पुन्हा. रोवेना कागदात डोकं घालून होत्या. पाहिलं ते फक्त म्यूरियलने. 'नको बसूस' हे दोन शब्द ती महिनाभर बोलायचं टाळत आली होती. आताही ते बाहेर पडेनात.

एडविन परत आला. इंजिन बंद केलं. मग दातांनी दोरीची गाठ सोडवली.

"नाही जमणार मला, म्यूरियल."

तिने एवढा मोठा श्वास सोडला, की त्याचं पुढचं वाक्य तिला ऐकूच आलं नाही.

"काय म्हणालास?"

"तू बस म्हटलं."

"मी? पासष्टची आहे मी!"

"गाडी तरी कुठे तरणीताठी आहे?" त्याने हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर ठेवलं आणि हाक मारली, "रोवेना, चालक बदललाय. लिहून घ्या!"

तिसऱ्या फेरीत चाक खड्ड्यात आदळलं आणि म्यूरियल उडून बाजूला पडली. इंजिन तत्क्षणी बंद पडलं. एडविन पाय ओढत पोचला, गुडघ्यावर बसला.

"बोटं हलव. आता पाय. माझं नाव काय?" दवाखान्यात त्याला हेच विचारलं होतं.

"मठ्ठ," म्यूरियल म्हणाली.

तो तिथेच बसकण मारून हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. ती उठली, पुन्हा गाडीवर बसली आणि सगळ्यांच्या शेवटी आली.

संध्याकाळी गाडी ट्रेलरवर चढवायला रोवेना दोन माणसं घेऊन आल्या.

"राहू द्या," एडविन म्हणाला.

उजवा खांदा त्याने लावला, डावीकडून म्यूरियलने रेटा दिला. फळीवरून गाडी इंच इंच वर सरकू लागली. ती माणसं बाजूला उभी राहिली.